स्पीच टीचरचं लायसन्स आणि बेसबॉलचे पिक्चर, हे दोन्ही एकाच डिपार्टमेंटात कसे?

प्रश्न आधी थोडक्यात सांगते. विचारणारी मुलगी पुण्याहून बी.एड. करून अमेरिकेत कम्युनिकेशनच्या एम.ए.ला आलीय. गाईडनं वाचायला दिलेल्या गठ्ठ्यात निम्मे लेख हायस्कूलच्या स्पीच टीचरला वेगळं सर्टिफिकेट असावं की नसावं यावर आहेत आणि निम्मे बेसबॉलच्या पिक्चरवर. तिचं म्हणणं, हे म्हणजे एकाच ताटात वरणभात आणि पान्हा-स्क्रूड्रायव्हर. यातलं खरं संशोधन कुठलं, थिसिस कशावर करू, आणि आपल्या बी.एड.ला इथं काही किंमत आहे का?

मी मूळची सांगलीची, मिडवेस्टात एका पब्लिक हायस्कूलमध्ये २२ वर्षं स्पीच शिकवतेय आणि डिबेटची टीम सांभाळतेय. म्हणजे हिवाळ्यातले जवळपास सगळे शनिवार पहाटे पाचला पिवळ्या बसमध्ये, कोट-टाय घातलेल्या पेंगुळलेल्या पोरांबरोबर. बेसबॉल मला इथं येईपर्यंत ओ की ठो माहीत नव्हता, जे शिकले ते पिक्चरमधूनच, त्यामुळे तुझ्या गठ्ठ्यातले दोन्ही ढीग माझ्या टेबलावर गेली कित्येक वर्षं शेजारीशेजारी पडलेत, आणि मला तर ते एकच वाटतात. का ते सांगते.

पण त्याआधी एक गोंधळ मिटवू. स्पीच टीचर म्हणजे तोतरेपणा घालवणारी बाई नव्हे. ते स्पीच थेरपिस्ट, बांद्र्याला अलीयावर जंग इन्स्टिट्यूटमध्ये शिकवतात ते. अमेरिकेत त्या लोकांनी १९२५ मध्येच आपली वेगळी चूल मांडली, त्यांचं लायसन्स पूर्ण वेगळं. आम्ही शिकवतो ते लोकांसमोर उभं राहून बोलणं, वाद घालणं, ऐकणं, गटात चर्चा करणं. त्यात भर म्हणून स्पीच-डिबेटच्या स्पर्धांना इथं 'फॉरेन्सिक्स' म्हणतात. विस्कॉन्सिनच्या रिपन कॉलेजात १९२५ मध्येच सुरू झालेली देशपातळीवरची संघटना २०१४ पर्यंत नॅशनल फॉरेन्सिक लीग याच नावानं चालायची. माझ्या आईनं हा शब्द फोनवर ऐकला आणि आमच्या गल्लीत बरीच वर्षं मी अमेरिकेत मुडदे तपासते असा समज होता.

आता मूळ भांडण. १९१४ चा नोव्हेंबर, शिकागो. इंग्लिश शिकवणाऱ्यांची राष्ट्रीय संघटना तेव्हा जेमतेम तीन वर्षांची. तिच्यात पब्लिक स्पीकिंगवाल्यांचा एक कोपरा होता, त्यातले १७ जण उठले आणि आपली वेगळी संघटना काढून मोकळे झाले. पहिला अध्यक्ष जेम्स ओनील. पुढच्याच वर्षी त्यांनी स्वतःचं जर्नल काढलं, तेच आज क्वार्टर्ली जर्नल ऑफ स्पीच म्हणून ओळखलं जातं. त्यांचं म्हणणं साधं होतं: निबंध शिकवणं आणि बोलणं शिकवणं ही दोन वेगळी कामं आहेत. निबंध तपासणारा माणूस कागद बघतो, आणि बोलायला शिकवणाऱ्याला समोर थरथरत उभा असलेला जिवंत पोरगा दिसतो. त्याचा आवाज, श्वास, हात, आणि समोर बसलेले तीस जण जे खुसुखुसु हसतायत, हे सगळं इंग्लिशच्या तासाला अभ्यासक्रमाबाहेरचं.

याला दुसरीही बाजू होती, ती आमचे लोक जरा कमी सांगतात. त्या आधीच्या काळात इलोक्यूशन शिकवणारे, आणि त्यात बऱ्याच बायका, गावोगाव क्लास चालवायचे. हात असा उचला, दुःख दाखवताना मान अशी वळवा, कविता अशी म्हणा. नव्या प्रोफेसर मंडळींना यांच्यात मोजलं जायची लाज वाटायची, आम्ही शास्त्र शिकवतो म्हणे, नाटकीपणा नाही. म्हणजे हा विषय जन्मला तोच 'बोलायला शिकवायचा अधिकार कुणाला' या भांडणातून. एकीकडे इंग्लिशवाल्यांना सांगायचं की तुम्हाला जमणार नाही, आणि दुसरीकडे इलोक्यूशनच्या बाईंना सांगायचं की तुम्ही खऱ्या नाहीच. सर्टिफिकेटवरचे जे लेख तुला रटाळ वाटतायत ना, ते या भांडणाचे पुढचे अंक आहेत.

अमेरिकेत शिक्षकाचं लायसन्स देश देत नाही, राज्य देतं. टेक्सासमध्ये सातवी ते बारावीसाठी स्पीचचं स्वतंत्र सर्टिफिकेट आहे आणि त्याची स्वतंत्र परीक्षा. मिझुरीत स्पीच आणि थिएटर एकत्र बांधलंय, म्हणजे भाषण शिकवायचं तर सेटला रंग लावायचीही तयारी पाहिजे. कितीतरी ठिकाणी स्पीच इंग्लिशच्या पोटात, इंग्लिशचं लायसन्स असलं की झालं. प्रॅक्सिस नावाची जी परीक्षा बरीच राज्यं वापरतात तिच्यात स्पीच कम्युनिकेशनचा पेपर आहे, पण तो मागायचा की नाही हे राज्यानं ठरवायचं. त्यामुळे सीमेच्या या बाजूला जी बाई पूर्ण क्वालिफाइड, ती वीस मैल पलीकडं गेली की कुणीच नाही.

केंद्राच्या कायद्यांनी यात आळीपाळीनं तेल आणि पाणी ओतलंय. १९७८ च्या शिक्षण कायद्यात मूलभूत कौशल्यांमध्ये लेखी बरोबर तोंडी कम्युनिकेशनही घातलं, तेव्हा आमच्या लोकांना वाटलं आता आपले दिवस आले. मग २००२ चा नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड आला, त्यात 'हायली क्वालिफाइड' शिक्षक कुठल्या विषयांना लागतील याची यादी होती, इंग्लिश, गणित, विज्ञान, परदेशी भाषा, नागरिकशास्त्र, अर्थशास्त्र, कला, इतिहास, भूगोल. स्पीच नाही. यादीत नाव नाही म्हटल्यावर प्रिन्सिपल काय करणार, ज्याचा एक तास रिकामा त्याच्या गळ्यात स्पीच. २०१५ च्या कायद्यानं ती हायली क्वालिफाइडची अटच काढली, तोवर सवय लागून गेली होती. २०१० च्या कॉमन कोअरमध्ये, म्हणजे मुलांना काय यायला हवं याची बऱ्याच राज्यांनी घेतलेली सामायिक यादी, तिच्यात बोलणं-ऐकणं हा भाग आहे, पण इंग्लिशच्या छत्रीखाली. म्हणजे १९१४ मध्ये घर सोडून गेलेला मुलगा शंभर वर्षांनी परत त्याच माजघरात झोपतोय.

आणि यातली सगळ्यात गंमत अशी की कॉलेजात पब्लिक स्पीकिंग शिकवायला हे लायसन्स लागतच नाही. तू एम.ए. झालीस की कम्युनिटी कॉलेजवाले तुला अठरा वर्षांच्या पोरांसमोर उभं करतील. तीच पोरं मे महिन्यात, हायस्कूलमध्ये असताना, तुला शिकवता आली नसती.

मग सर्टिफिकेटनं खरंच फरक पडतो का? माझं मत सांगते. कागदानं पडत नाही, पण कागदासाठी जे शिकावं लागतं त्यातल्या एकदोन गोष्टींनी नक्की पडतो. उदाहरणार्थ बोलण्याची भीती. जेम्स मॅक्रॉस्की यांनी १९७० पासून यावर काम केलं, त्यांची २४ वाक्यांची प्रश्नावली आजही सगळीकडे वापरतात, स्कोअर २४ ते १२० मध्ये येतो, आणि ती गटात, मीटिंगमध्ये, दोघांत आणि स्टेजवर अशी चार ठिकाणची भीती वेगवेगळी मोजते. हे माहीत नसलेला भला माणूस घाबरलेल्या मुलाला पहिल्याच आठवड्यात पाच मिनिटं उभं करतो, 'सवय होईल' म्हणून. सवय होते खरी, पण गप्प बसायची. माझ्या पहिल्या वर्षी मी हेच केलंय आणि त्या मुलीनं शाळा संपेपर्यंत माझ्याशी धड बोलणं टाकलं, म्हणून सांगतेय.

आता बेसबॉल. तुझ्या गाईडनं तो ढीग का दिला असेल? कम्युनिकेशनमध्ये सिनेमाचा अभ्यास फिल्म स्टडीजसारखा, कॅमेरा-बिमेरा धरून होत नाही (होतो, पण कमी). तो ऱ्हेटोरिकच्या वाटेनं होतो, म्हणजे हा पिक्चर कुणाला काय पटवतोय. यातला जुना आधार म्हणजे अमेरिकन समीक्षक केनेथ बर्क. त्याचा १९३८ चा एक निबंध आहे, साहित्य म्हणजे जगायला लागणारी अवजारं, असा. आणि तो सुरू कुठून होतो माहितीय? म्हणींपासून! म्हण म्हणजे नेहमी येणाऱ्या प्रसंगाला दिलेलं नाव आणि त्याच्याशी कसं वागायचं याची युक्ती, धीर द्यायला, टोमणा मारायला, सावध करायला. आपल्याला हे समजावून सांगायला नको, आमची आजी एका सकाळी दहा म्हणी वापरायची आणि प्रत्येक कुणालातरी लागायची. बर्क म्हणतो कादंबरी-नाटकंही तेच करतात, मोठ्या प्रमाणावर. मग बॅरी ब्रमेट यांच्यासारख्यांनी १९८० च्या दशकात तेच सिनेमा-टीव्हीला लावलं. बेसबॉल अमेरिकेत इतका मुरलेला की त्यावरचा पिक्चर म्हणजे एक लांबलचक म्हणच: बाप-मुलगा, दुसरी संधी, जुने चांगले दिवस. आता मायकेल बटरवर्थ यांचं २०१० चं पुस्तक बघ, ११ सप्टेंबरनंतर बेसबॉलभोवती शुद्धतेची आणि देशभक्तीची भाषा कशी रचली गेली यावर आहे. बॉल-बॅट नुसतं निमित्त.

इथपर्यंत तुझे लेखही सांगत असतील. माझी गोष्ट याच्या पुढची. वर्षानुवर्षं वर्गात हे पिक्चर तुकड्यातुकड्यात दाखवताना माझ्या लक्षात आलं की बेसबॉलच्या पिक्चरमध्ये खेळ कमी आणि बोलणं जास्त असतं, आणि त्यातही कुणीतरी कुणालातरी *कसं बोलायचं* हे शिकवत असतं, हा प्रसंग पुन्हापुन्हा येतो. म्हणजे हे पिक्चर स्पीच टीचरनी भरलेत. फक्त एकाकडेही लायसन्स नाही.

'बुल डरहॅम' घे, १९८८ चा. दिग्दर्शक रॉन शेल्टन स्वतः मायनर लीगमध्ये, म्हणजे मेजर लीगच्या खालच्या पायरीवर, खेळलेला. त्यात म्हातारा होत चाललेला कॅचर (आपला विकेटकीपर समज) बसमध्ये नवख्या पिचरला, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याला, मुलाखत द्यायला शिकवतो. तुला घासून गुळगुळीत झालेली वाक्यं पाठ करावी लागतील, तीच तुझे मित्र, असं सांगून पहिलं देतो, एकेक दिवस करत खेळायचं. पोरगा म्हणतो हे किती बोअर आहे. तो म्हणतो, बोअरच आहे, तोच तर मुद्दा, लिहून घे. शेवटाकडे पोरगा मोठ्या टीममध्ये जातो आणि मुलाखतीत तीच वाक्यं घडाघडा म्हणतो. आम्ही वर्षभर मुलांना सांगतो ताजं बोला, स्वतःचं बोला, आणि इथं एक शहाणा माणूस बरोब्बर उलटं शिकवतोय आणि त्याच्या जागी तोच बरोबर आहे, कारण तिथं बोलण्याचं काम माहिती देणं नाहीच, अंगावर काही येऊ न देणं हे आहे. यावर माझ्या वर्गात जी चर्चा होते ती पाठ्यपुस्तकातल्या कुठल्याच धड्यावर होत नाही.

'अ लीग ऑफ देअर ओन' १९९२ चा. दुसऱ्या महायुद्धात पुरुष खेळाडू लढाईवर जाणार म्हणून १९४३ मध्ये च्युइंगगमवाल्या रिग्लींनी बायकांची लीग काढली, ती १९५४ पर्यंत चालली. पिक्चरमध्ये मुलींना चार्म स्कूलला पाठवतात, चालणं, बसणं, चहा पिणं, आणि अर्थात बोलणं. हे बनवलेलं नाही, खऱ्या लीगमध्येही तसे क्लास होते. आता आठव १९१४ चे प्रोफेसर ज्यांची लाज बाळगत होते त्या इलोक्यूशनच्या बाई. त्या गेल्या कुठं? तर इथं आल्या, बेसबॉल खेळणाऱ्या पोरींना सभ्य दाखवायला. कुणी यावर नीट पेपर लिहावा असं मला कधीचं वाटतंय.

आणि जॅकी रॉबिन्सन, १९४७ मध्ये मेजर लीगचं काळ्यांना बंद असलेलं दार उघडणारा खेळाडू. २८ ऑगस्ट १९४५ ला ब्रुकलिनमध्ये तिथल्या डॉजर्स टीमचा प्रमुख ब्रँच रिकी त्याला ऑफिसात बोलावतो आणि तासनतास स्वतःच एकेक पार्ट करून शिव्या घालतो, हॉटेलचा क्लार्क, वेटर, समोरचा खेळाडू. बघायचं काय, तर हा उलटून बोलत नाही ना. हे घडलेलं आहे, आणि २०१३ च्या '४२' मध्येही येतं. स्पीचच्या भाषेत हा रोल-प्ले आहे, आम्ही ट्रेनिंगमध्ये करतो तोच, फक्त इथं शिकवायचंय ते गप्प राहणं. आणि मग १९५० चा पिक्चर बघ, 'द जॅकी रॉबिन्सन स्टोरी', ज्यात त्यानं स्वतःचंच काम केलंय. शेवटी तो वॉशिंग्टनला जाऊन बोलतो. खरोखर तो जुलै १९४९ मध्ये संसदेच्या त्या कम्युनिस्ट शोधणाऱ्या समितीपुढे बोलला होता, आणि त्याच्या त्या खऱ्या साक्षीत असं होतं की कोर्टातला अन्याय, पोलिसांची मारहाण, लिंचिंग (झुंडीनं जीव घेणं) यावर एखादा कम्युनिस्ट ओरडला म्हणून ते आरोप काही खोटे ठरत नाहीत. पिक्चरच्या भाषणात देशप्रेम उरतं आणि हे वाक्य नाही. गप्प राहायला शिकवलेल्या माणसाला बोलायची परवानगी मिळाली, पण मजकूर कापून.

कापण्यावरून माझा लाडका नमुना सांगते, हा तुला थिसिसला पण पुरेल. लू गेरिग, न्यूयॉर्कच्या यांकीज टीमचा, सलग २,१३० सामने खेळलेला, त्याला एएलएस, म्हणजे हळूहळू स्नायू निकामी करणारा आजार, झाला आणि ४ जुलै १९३९ ला यांकी स्टेडियममध्ये त्यानं निरोपाचं छोटंसं भाषण केलं. दोन वर्षांनी गेला. १९४२ मध्ये त्याच्यावर 'द प्राइड ऑफ द यांकीज' आला, गेरिगच्या कामात गॅरी कूपर. आता खऱ्या भाषणात सगळ्यात प्रसिद्ध वाक्य, आज मी स्वतःला पृथ्वीवरचा सर्वात नशीबवान माणूस समजतो, हे सुरुवातीलाच येतं. पुढचं सगळं भाषण म्हणजे त्याचा हिशोब, एकेक माणूस मोजत. हरवण्यासाठी जीव टाकावा अशा जायंट्स टीमनं भेट पाठवली, मैदान राखणाऱ्यांनी आठवण ठेवली, आणि सासू! स्वतःच्या मुलीशी भांडण झालं तर जावयाची बाजू घेणारी सासू मिळाली, ही काय साधी गोष्ट आहे, असं तो भर स्टेडियममध्ये म्हणाला. पिक्चरवाल्यांनी काय केलं, सासू कापली, आणि नशीबवानवालं वाक्य उचलून शेवटी नेलं, म्हणजे टाळ्या, म्युझिक, आणि माणूस अंधारात चालत जातो.

मी दोन्ही मजकूर मुलांना शेजारीशेजारी देते, नाव न सांगता, आणि विचारते कुठलं भाषण चांगलं. बहुतेक पिक्चरचं निवडतात. मग दोन्ही मोठ्यानं म्हणायला लावते. म्हणताना कळतं की खरं भाषण जिभेवर बसतं, कारण त्यात तेच शेपूट परतपरत येतं, 'ही काय साधी गोष्ट आहे' असं, आणि प्रत्येक वेळी माणूस बदलतो, टीमकडून सुरू होऊन घरात येतो. मुख्य मुद्दा आधी टाकून मग सिद्ध करत जाणं हे किती धाडसाचं आहे ते मुलांना तेव्हा उमगतं. आणि अजून एक, त्या भाषणाची पूर्ण फिल्म आज नाही, न्यूजरीलचे, म्हणजे तेव्हा थिएटरात दाखवायच्या बातमीपटांचे, थोडेसे तुकडे उरलेत, बाकीचा मजकूर वर्तमानपत्रांवरून जुळवलेला. म्हणजे लोकांच्या डोक्यात जे गेरिगचं भाषण आहे ते पुष्कळसं कूपरचं आहे. मूळ भाषणावर पिक्चरनं अशी कुरघोडी केल्यावर आम्ही स्पीचवाले पिक्चरचा अभ्यास करणार नाही तर काय करणार.

आता 'फील्ड ऑफ ड्रीम्स', १९८९. एक शेतकरी मक्यात बेसबॉलचं मैदान करतो आणि कधीच मेलेले खेळाडू तिथं खेळायला येतात. आयोवातल्या डायर्सव्हिलजवळचं मक्याचं शेत, जिथं २०२१ मध्ये मेजर लीगनं खरा सामना घेतला आणि व्हाइट सॉक्सनं यांकीजना ९-८ हरवलं. त्यातलं टेरेन्स मान या लेखकाचं भाषण बघ, लोक येतील, नक्की येतील, वगैरे. ऱ्हेटोरिकच्या हिशोबानं ते शुद्ध सल्ल्याचं भाषण, कारण शेजारी शेतकऱ्याचा मेव्हणा शेत विकायचे कागद घेऊन उभा आहे आणि निर्णय आत्ता व्हायचाय. आवाज जेम्स अर्ल जोन्सचा, त्यामुळे ऐकताना शंका येतच नाही. पण नंतर येते. तो म्हणतो देश पुन्हापुन्हा पुसला गेला आणि बेसबॉल तेवढा टिकला, बेसबॉल आपल्याला सांगतो की एकेकाळी सगळं चांगलं होतं. हे म्हणणारा काळा लेखक आहे! मक्यातून बाहेर येणारे जुने खेळाडू सगळे गोरे, कारण १९४७ पर्यंत मेजर लीगमध्ये काळ्यांना दारच बंद होतं. मूळ कादंबरीत या जागी जे. डी. सॅलिंजर आहे, तिथं हे वाक्य एवढं टोचणार नाही. इथं तुझ्या कामाला दोन जुने लेख येतील, एडविन ब्लॅक यांचा १९७० चा 'सेकंड पर्सोना', म्हणजे भाषणात न सांगता गृहीत धरलेला श्रोता, आणि फिलिप वँडर यांचा १९८४ चा 'थर्ड पर्सोना', म्हणजे ज्याला श्रोत्यातून वगळूनच टाकलंय तो. बायकांच्या लीगच्या पिक्चरमध्ये एक काळी बाई कुंपणाजवळून चेंडू असा सणसणीत परत फेकते की झेलणारीचा हात झणझणतो, आणि ती निघून जाते. थर्ड पर्सोना शिकवायला याहून सोपं काही मला सापडलेलं नाही. खऱ्या लीगनं मेमी जॉन्सन या काळ्या खेळाडूला ट्रायआउटला, म्हणजे निवडचाचणीला, उभं केलं नव्हतं, ती पुढे निग्रो लीगमध्ये, म्हणजे काळ्यांच्या वेगळ्या लीगमध्ये, पुरुषांच्या टीममध्ये पिचर म्हणून खेळली.

जेम्स अर्ल जोन्सचं आणखी एक. १९३१ चा जन्म, लहानपणी मिसिसिपीहून मिशिगनला आला आणि तोतरेपणामुळे आठेक वर्षं जवळजवळ बोललाच नाही. हायस्कूलच्या इंग्लिशच्या सरांना, डोनाल्ड क्राउच त्यांचं नाव, कळलं की हा कविता लिहितो. त्यानं द्राक्षफळावर, म्हणजे ग्रेपफ्रूटवर, एक कविता केली होती. सर म्हणाले ही तुझीच असेल तर वर्गासमोर न बघता म्हणून दाखव. त्यानं म्हटली, एकदाही न अडखळता. पुढे शाळेत वक्तृत्वात, वादविवादात उतरला. तो आवाज नंतर एकाहून जास्त बेसबॉल पिक्चरमध्ये आहे. आता सर्टिफिकेटच्या बाजूनं भांडताना माझी पंचाईत बघ, अमेरिकेतला सगळ्यात ओळखीचा आवाज एका इंग्लिशच्या मास्तरनं बाहेर काढला. आमच्या मीटिंगमध्ये कुणी हे काढलं की मी म्हणते, हो, पण त्याच वेळी दुसऱ्या एखाद्या मुलाला असं उभं केलं असतं आणि तो अडखळला असता तर? क्राउच सरांचा अंदाज बरोबर निघाला. मॅक्रॉस्की वगैरे वाचायचे ते अंदाज चुकण्याचं प्रमाण कमी करायला, एवढंच माझं म्हणणं.

तर थिसिस. नुसत्या सर्टिफिकेटवर करू नको असं मी म्हणणार नाही, ५० राज्यांचे नियम गोळा करून आज कुठं काय आहे एवढं जरी नीट मांडलंस तरी राज्यांच्या संघटनांची जी छोटी जर्नल्स असतात ती छापतील, पण कंटाळा येईल आणि नियम दर दोन वर्षांनी बदलतात. नुसत्या बेसबॉलवर केलंस तर कमिटी मान डोलावेल आणि शाळेतली नोकरी देणारा विचारेल हे काय. त्यापेक्षा मी वर जे म्हटलं ते घे, बेसबॉलच्या पिक्चरमधले बोलायला शिकवण्याचे प्रसंग. चार पिक्चर पुरे. प्रत्येक प्रसंगात शिकवणाऱ्याचा अधिकार कशावर उभा आहे, वय, पैसा, अनुभव, की गोरेपणा, आणि शिकणाऱ्याचं काय कापलं जातं. पहिल्या चॅप्टरमध्ये १९१४ चं भांडण. कथा सांगत बसू नको, कथा सगळ्यांना माहीत आहेत, एका पिक्चरला एक परिच्छेद, बास.

शिकवताना वापरणार असशील तर दोन व्यवहाराच्या गोष्टी. वर्गात समोरासमोर शिकवताना कायदेशीर कॉपीवरून पिक्चर दाखवायला अमेरिकन कॉपीराइट कायद्यात सूट आहे, कलम ११०, पण ती ना-नफा शाळेतल्या प्रत्यक्ष वर्गापुरती, ऑनलाइन क्लासचे नियम वेगळे आणि कडक. आणि रेटिंग बघ. 'बुल डरहॅम' आर आहे, म्हणजे सतरा वर्षांखालच्यांनी मोठ्यांबरोबरच बघायचा. बसमधला तो प्रसंग त्यामानानं सोवळा, तरी मी एकदा पालकांचं संमतीपत्र न घेता दाखवला आणि एका वडिलांनी ऑफिसात येऊन जे भाषण केलं ते खरंच उत्तम बांधलेलं होतं, मुद्दा आधी, पुरावे मागून. तेव्हापासून मी तो प्रसंग संवाद टाइप करून वाचायला देते.

राहिलं बी.एड. किंमत आहे, पण आपोआप नाही. आधी परदेशी पदवी तपासणाऱ्या एजन्सीकडून विषयवार इव्हॅल्युएशन करून घ्यायचं, आणि कुठली एजन्सी चालते ते तुझ्या राज्याच्या शिक्षण खात्याच्या यादीत बघूनच, नाहीतर पैसे पाण्यात. तीन वर्षांची आपली बी.ए. सगळीकडे चार वर्षांच्या डिग्रीएवढी धरत नाहीत, तिथं तुझी एम.ए. आधाराला येईल. बी.एड.मधले मानसशास्त्र, मेथड वगैरे पेपर बरेचदा मोजले जातात, पाठ घेतलेत ते मात्र इथलं स्टुडंट टीचिंग म्हणून धरतीलच असं नाही. विषयाचे क्रेडिट कमी पडले तर एम.ए.तच आत्ता दोन कोर्स असे घे की ज्यांच्या नावात स्पीच किंवा ओरल कम्युनिकेशन आहे, कारण फाइल तपासणारा क्लार्क नाव बघतो, सिलॅबस नाही. आणि शक्य असेल तर इंग्लिशचंही लायसन्स जोडून घे. १९१४ च्या त्या सतरा जणांना हे आवडणार नाही, पण नोकरीच्या जाहिराती इंग्लिश प्लस स्पीच अशाच येतात. व्हिसाचं मी बोलत नाही, त्याला वकील.

इव्हॅल्युएशनला युनिव्हर्सिटीकडून सीलबंद ट्रान्सक्रिप्ट लागतात आणि ते मागवायला किती हेलपाटे पडतात ते तुला माहीतच असेल. घरचं कुणी पुण्यात असेल तर याच आठवड्यात अर्ज टाकायला सांग.